दूरस्थ सर्व्हरवरील फायलींची रोजची यादी : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

जुन्या कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती आमच्याकडे सात ठिकाणी विखुरलेल्या आहेत, आणि त्या सर्वांची रोजची यादी तयार करण्याचे काम आजपासून माझ्याकडे आले आहे. यांपैकी चार लिनक्स सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे कमांड चालवण्याच्या सोयीने, लॉग-इन करता येते. पाचव्यावर केवळ एसएफटीपीला, म्हणजे एसएसएचवरून फायली नेण्या-आणण्याच्या पद्धतीला, परवानगी आहे; शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, मिळत नाही. सहावा जुना सर्व्हर अजून एफटीपी या फायली नेण्या-आणण्याच्या जुन्या पद्धतीवर चालतो आणि सातवे ठिकाण म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री सेवेच्या पद्धतीचे ऑब्जेक्ट स्टोरेज.

आतापर्यंत एक सहकारी दर आठवड्याला प्रत्येक सर्व्हरवर लॉग-इन करून ‘एलएस -एल’ ही फायलींची सविस्तर यादी दाखवणारी कमांड चालवत असे आणि जे दिसेल ते स्प्रेडशीटमध्ये चिकटवत असे. मागच्या महिन्यात एक अख्खी डिरेक्टरी चुकून दुसरीकडे हलवली गेली आणि अकरा दिवस ते कोणाच्याच लक्षात आले नाही. हे त्या सहकाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे घडले असे मला मुळीच वाटत नाही. जी फाइल नाही ती यादीतही नसते, त्यामुळे कालची यादी शेजारी ठेवल्याशिवाय आजच्या यादीतून काहीच कळत नाही. म्हणून प्रत्येक फाइलचे नाव, आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ एवढ्या तीनच गोष्टी नोंदवायच्या, पण त्या अशा रूपात की दोन दिवसांच्या याद्या यंत्राला ताडून पाहता येतील, असे मी ठरवले आहे.

५ फेब्रुवारी

पहिल्या दोन दिवसांच्या याद्या मुद्दाम जुन्याच पद्धतीने, म्हणजे ‘एलएस -एल’ वापरून घेतल्या आणि ताडून पाहिल्या. ज्यांना कोणी हात लावलेला नाही अशा काही फायली बदललेल्या दिसल्या. एका फाइलची ओळ काल ‘६ ऑगस्ट १४:२०’ अशी होती, ती आज ‘६ ऑगस्ट २०२४’ अशी झाली.

याचे कारण ‘एलएस’च्या नेहमीच्या वागण्यात आहे. फाइल गेल्या सहा महिन्यांतील असेल तर ती कमांड महिना, दिवस आणि वेळ दाखवते, आणि त्याहून जुनी झाली की वेळ वगळून वर्ष दाखवते. त्या फाइलला आज पहाटे अर्धे वर्ष पुरे झाले, एवढेच घडले होते. वाचणाऱ्या माणसासाठी ही सोय चांगली आहे, परंतु याद्या ताडून पाहणाऱ्या प्रोग्रामला ती रोज थोडी थोडी फसवत राहते. ‘टाइम-स्टाइल’ हा पर्याय देऊन पूर्ण तारीख मिळवता येते, तरीही नावांतील मोकळ्या जागा आणि रकान्यांची कमी-जास्त रुंदी हे प्रश्न उरतातच. शिवाय लिनक्सवरील ‘एलएस’ ज्या जीएनयू कोअरयुटिल्स या संचातून येते, त्याच्या २०१६ सालच्या ८.२५ या आवृत्तीपासून टर्मिनलवर मोकळी जागा असलेली नावे अवतरणचिन्हांत दिसू लागली, त्यामुळे पडद्यावर दिसते ते आणि फाइलमध्ये उतरते ते यांत आणखी एक फरक पडला.

म्हणून ‘एलएस’ डोळ्यांसाठी ठेवायची आणि यादीसाठी डिरेक्टऱ्यांत उतरून फायली शोधणारी ‘फाइंड’ ही कमांड वापरायची, असे ठरवले. ‘फाइंड’च्या ‘-प्रिंटएफ’ पर्यायाने वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, आकार बाइटमध्ये आणि त्यापुढे पूर्ण मार्ग, अशी नोंद हव्या त्या क्रमाने मिळते. दोन नोंदींच्या मध्ये नवी ओळ न ठेवता शून्य-बाइट ठेवला आहे. लिनक्सवर फाइलच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य-बाइट ही दोनच चिन्हे चालत नाहीत. नवी ओळसुद्धा चालते, आणि आमच्या संग्रहात तशी एक फाइल खरोखरच निघाली.

७ फेब्रुवारी

दिवसाचा बराच वेळ अवतरणचिन्हांत गेला. एसएसएचला दिलेली कमांड तुकड्यांनी पलीकडे जात नाही. तिचे सर्व शब्द मध्ये एकेक मोकळी जागा घालून जोडले जातात आणि ती सलग ओळ पलीकडच्या शेलच्या हाती पडते, म्हणजे एकच कमांड दोन शेल वाचतात. तारांकन (*), म्हणजे ‘कोणतेही नाव’ असे चिन्ह, लावून मागवलेल्या टिफ फायलींची यादी माझ्या यंत्रावरून बरोबर येत होती, पण सहकाऱ्याच्या यंत्रावरून भलतीच येत होती. त्याच्या यंत्रावर त्याच मार्गाची एक चाचणी-डिरेक्टरी होती, त्यामुळे तारांकनाचा अर्थ त्याच्याच शेलने आधी लावला आणि पलीकडे स्वतःकडच्या फायलींची नावे पाठवली. माझ्याकडे तशी डिरेक्टरी नव्हती. म्हणून तारांकन जसेच्या तसे पलीकडे पोहोचले आणि तिथे उलगडले. माझी कमांड केवळ योगायोगाने चालत होती.

उपाय म्हणून संपूर्ण स्क्रिप्ट एका फाइलमध्ये लिहिली आणि ती प्रमाण-इनपुटातून, म्हणजे कमांडला बाहेरून मिळणाऱ्या माहितीच्या प्रवाहातून, पलीकडच्या बॅश या शेलला दिली. आता तिला एकच शेल वाचतो.

१० फेब्रुवारी

चार सर्व्हरची नावे एका फाइलमधून ओळीओळीने वाचून फिरणारे आवर्तन पहिल्याच सर्व्हरनंतर थांबत होते, आणि थांबताना कसलीही त्रुटी दाखवत नव्हते. यादी घेण्यापूर्वी जोडणी होते की नाही हे तपासणारी एक छोटी एसएसएच कमांड मी घातली होती. आवर्तनाला ज्या इनपुटातून सर्व्हरची नावे मिळत होती, तेच इनपुट या कमांडनेही उघडे धरले होते, त्यामुळे उरलेली तीन नावे तिने वाचून पलीकडे पाठवून दिली. त्या तपासणीला इनपुट वाचू न देणारा ‘-एन’ हा पर्याय दिल्यावर आवर्तन चारही सर्व्हरवर फिरले.

१३ फेब्रुवारी

दुसऱ्या सर्व्हरच्या यादीतील पहिली नोंद बिघडलेली येत होती. पडताळणीसाठी तिथे एसएफटीपीने जाऊन पाहिले, तेव्हा ‘संदेश फार लांब आहे’ अशी तक्रार आली आणि तिच्यापुढे ३७६८८८७५२० हा आकडा होता. हा आकडा फेकून न देता सोडवून पाहावा, असे मला वाटले, आणि तसे केले ते बरे झाले.

एसएफटीपीमध्ये प्रत्येक संदेशाचे पहिले चार बाइट त्याची लांबी सांगतात. वरील आकडा सोळा-आधारी पद्धतीने लिहिला तर ई०, ए४, ए८ आणि ई० असे चार बाइट मिळतात. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत यांतले पहिले तीन बाइट म्हणजे ‘न’ हे अक्षर, आणि चौथा म्हणजे पुढच्या देवनागरी अक्षराचा आरंभ. त्या खात्याच्या ‘.बॅशआरसी’ या, शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये कोणीतरी स्वागतासाठी ‘नमस्कार’ छापणारी ओळ घातली होती, आणि एसएफटीपीने तो नमस्कार लांबी समजून वाचला. आमच्या यादीची पहिली नोंदही त्यामुळेच बिघडत होती. संवादी सत्र असेल तरच ती ओळ चालावी, अशी अट घातली. प्रत्येक नव्या सर्व्हरवर आता आधी एसएसएचमधून ‘ट्रू’ ही काहीही न करणारी कमांड चालवतो. तिच्या उत्तरात एक बाइट जरी आला, तरी पुढे जात नाही.

१८ फेब्रुवारी

एफटीपीचा सर्व्हर घेतला. या प्रोटोकॉलचा पहिला मसुदा, म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणाऱ्या दस्तऐवजमालेतील आरएफसी ११४, एप्रिल १९७१ मध्ये आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी अभय भूषण यांनी लिहिला. आज प्रचलित असलेले रूप ऑक्टोबर १९८५ च्या आरएफसी ९५९ मधील आहे. यादी देणाऱ्या ‘लिस्ट’ या आज्ञेचे उत्तर कोणत्या साच्यात असावे, हे त्या दस्तऐवजात ठरवून दिलेलेच नाही. ती माहिती प्रणालीगणिक वेगळी असू शकेल आणि प्रोग्रामला ती वापरणे अवघड जाईल, असे तिथेच नमूद केले आहे. ‘एनएलएसटी’ ही दुसरी आज्ञा केवळ नावे देते. मार्च २००७ मधील आरएफसी ३६५९ ने ‘एमएलएसडी’ ही आज्ञा आणली, आणि तिच्या उत्तरात प्रकार, आकार व बदलाची वेळ ठरलेल्या नावांनी मिळतात, वेळही जागतिक प्रमाणवेळेत असते. आमच्या सर्व्हरला ‘फीट’ या आज्ञेने त्याला कोणत्या जादा सोयी येतात ते विचारले तेव्हा ही आज्ञा त्याला येते असे त्याने कळवले, आणि काम सोपे झाले. कर्ल या फायली मागवणाऱ्या प्रोग्रामला ‘-एक्स’ या पर्यायाने ‘एमएलएसडी’ पाठवायला सांगितले. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ द्यावी लागते, ती विसरली तर कर्ल डिरेक्टरीऐवजी त्या नावाची फाइल मागतो.

लॉग-इन होऊनही यादी येताना जोडणी लटकून राहत होती. एफटीपीची यादी २१ क्रमांकाच्या पोर्टवरून येत नाही, तिच्यासाठी वेगळी जोडणी उघडावी लागते, आणि त्या पोर्टांची मर्यादा फायरवॉलमध्ये नोंदवलेली नव्हती. ती नोंदवून घेतली. या सर्व्हरवर पासवर्ड उघड्यावरून जातो, हे मला अस्वस्थ करते. तो बंद करण्याची लेखी विनंती आजच दिली आहे.

२१ फेब्रुवारी

केवळ एसएफटीपी असलेल्या सर्व्हरवर ‘फाइंड’ चालवता येत नाही, आणि ओपनएसएसएचच्या एसएफटीपीमधील ‘एलएस’ आतल्या डिरेक्टऱ्यांत उतरत नाही. एसएफटीपीचा सर्व्हर प्रत्येक नावासोबत ‘एलएस -एल’सारखी दिसणारी एक तयार ओळही पाठवतो, पण प्रोग्रामने ती वाचू नये, स्वतंत्रपणे येणारे आकार आणि वेळ हे गुणधर्म वापरावेत, असे त्या प्रोटोकॉलच्या मसुद्यातच सांगितले आहे. म्हणून येथे आरक्लोन या, वेगवेगळ्या साठवणींशी बोलणाऱ्या प्रोग्रामची ‘एलएसजेसन’ ही कमांड ‘-आर’ पर्यायासह वापरली. आरक्लोनमधील ‘एलएस’ मुळातच आत उतरते, पण ‘एलएसएफ’ आणि ‘एलएसजेसन’ यांना तसे सांगावे लागते. ही विसंगती नव्या माणसाला नक्की अडखळवणार आहे.

वेळेबाबत एक तडजोड करावी लागली. या सर्व्हरवरील एसएफटीपीमध्ये वेळ पूर्ण सेकंदांत येते, तर ‘फाइंड’ सेकंदाचे अपूर्णांकही देते. सातही ठिकाणची वेळ आता सेकंदापर्यंतच ठेवली आहे.

२५ फेब्रुवारी

ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये डिरेक्टरी असे काही नसते. तिथे केवळ लांबलचक नावे असतात आणि त्यांतील तिरक्या रेघांवरून डिरेक्टरीचा आभास निर्माण केला जातो. कोणीतरी पूर्वी लिहिलेली एक स्क्रिप्ट आमच्याकडे होती आणि तिच्या यादीत बरोबर १००० नोंदी येत होत्या. इतका गोल आकडा पाहून मला शंका आली. एस-थ्रीची यादी देणारी विनंती एका वेळी जास्तीत जास्त १००० नावे देते आणि पुढे नावे शिल्लक असतील तर एक टोकन देते. ते टोकन परत पाठवून पुढचे पान मागायचे असते. जुनी स्क्रिप्ट पहिल्या पानावर थांबत होती, कसलीही त्रुटी न दाखवता.

आरक्लोन ही पाने स्वतःच उलटतो. मात्र त्याने तिथे ठेवलेल्या फाइलची मूळ वेळ वस्तूच्या मेटाडेटात असते आणि ती वाचायला प्रत्येक वस्तूसाठी एकेक स्वतंत्र विनंती जाते, त्यामुळे यादी फारच रेंगाळली. येथे सर्व्हरकडील वेळच घ्यायची असा निर्णय केला.

३ मार्च

आजची घटना सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. तिसऱ्या सर्व्हरवरून २१४० फायली नाहीशा झाल्याचे सकाळी ताळ्यात दिसले. प्रत्यक्षात एकही फाइल गेली नव्हती. आदल्या दिवशी एका डिरेक्टरीची परवानगी बदलली गेली होती आणि आमच्या यादीच्या खात्याला आत शिरता येत नव्हते. डिरेक्टरीवर वाचनाची परवानगी असेल तर तिच्यातील नावे कळतात, पण प्रत्येक फाइलचा आकार आणि वेळ पाहण्यासाठी एक्झिक्यूटची परवानगीही लागते. पहिली असून दुसरी नसेल तर ‘एलएस -एल’ आकार आणि तारखेच्या जागी प्रश्नचिन्हे दाखवते.

‘फाइंड’ने आपले काम चोख केले होते. परवानगी नाकारल्याचा संदेश तिने दिला, उरलेल्या डिरेक्टऱ्या पाहिल्या आणि शेवटी शून्येतर, म्हणजे त्रुटी दर्शवणारा, कोड परत केला. परंतु मी तिचे आउटपुट पाइपमधून, म्हणजे एका कमांडकडून थेट दुसरीकडे, क्रम लावणाऱ्या ‘सॉर्ट’ला दिले होते, आणि पाइपचा निकाल म्हणून शेल शेवटच्या कमांडचा निकाल धरतो. ‘सॉर्ट’ला जे मिळाले ते तिने व्यवस्थित लावले आणि शून्य परत केला. त्रुटींचे संदेश तर मी येईल ते टाकून देणाऱ्या ‘/डेव्ह/नल’मध्ये पाठवून दिले होते, कारण पहिल्या आठवड्यात ते पडद्यावर नकोसे झाले होते. या दोन्ही चुका माझ्या आहेत. यादी आलीच नसती तर मी लगेच धावलो असतो. ही यादी अपुरी असूनही पूर्ण दिसत होती, आणि तिच्या भरवशावर कोणी ‘हरवलेल्या’ फायली जुन्या बॅकअपमधून परत आणल्या असत्या, तर नव्या प्रतींवर जुन्या प्रती चढल्या असत्या.

संध्याकाळपर्यंत पुढील बदल केले. स्क्रिप्टच्या आरंभी ‘पाइपफेल’ लावले, म्हणजे पाइपमधील कोणतीही कमांड फसली तरी संपूर्ण पाइप फसला असे धरले जाईल. त्रुटींचे संदेश स्वतंत्र फाइलमध्ये जमा होतात आणि ती फाइल रिकामी नसेल तर यादी स्वीकारली जात नाही. प्रत्येक यादीच्या शेवटी पलीकडचीच स्क्रिप्ट एकूण नोंदींची संख्या लिहिते. जोडणी मध्येच तुटली तर ही शेवटची नोंद येणार नाही आणि ते लगेच कळेल. येणारी यादी आधी तात्पुरत्या नावाने साठवली जाते आणि या सर्व कसोट्या उतरल्या तरच तिचे नाव बदलून ती कालच्या यादीशेजारी ठेवली जाते. एसएसएचचा परतीचा कोड २५५ असेल तर बहुधा जोडणीतच दोष आहे, एरवी तो पलीकडच्या कमांडचा कोड असतो, हा फरकही आता अहवालात दिसतो.

७ मार्च

चौथ्या सर्व्हरच्या यादीत ‘दुसऱ्या भागाची अनुक्रमणिका’ हे नाव एकाच डिरेक्टरीत दोनदा आले. एका डिरेक्टरीत एकाच नावाच्या दोन फायली असूच शकत नाहीत, म्हणून सर्व्हरवर जाऊन पाहिले. तिथला लोकेल, म्हणजे भाषा व लिपीची निवड, साधा ‘सी’ होता, त्यामुळे ‘एलएस’ने देवनागरीऐवजी अष्टमान आकडे दाखवले, ‘द’च्या जागी ३४०, २४४, २४६. या वेळी मात्र ते आकडेच उपयोगी पडले, कारण दोन नावे ‘ऱ्या’पाशी वेगळी होत होती.

आपला हा ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिला जातो. ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरले तर ‘ऱ्या’चे १२ बाइट होतात. ‘र’ला खाली नुक्ता देऊन लिहिले तर १५ होतात, आणि ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह असे लिहिले तरीही १५ होतात. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-प्रणाली नावातील बाइट जसेच्या तसे ठेवतात, म्हणून त्यांच्या लेखी ती तीन वेगळी नावे आहेत. युनिकोडचे प्रमाणीकरण पहिल्या दोन रूपांना एक करते, तिसऱ्याला करत नाही.

यादीतील मूळ नाव बदलायचे नाही, डिस्कवर जे आहे तेच तिने सांगावे, यावर मी ठाम आहे. ताडून पाहण्यासाठी एक वेगळा रकाना जोडला, त्यात नाव प्रमाणित करून ठेवले आणि तिसऱ्या रूपासाठी वेगळा नियम लिहिला. या रकान्यामुळे चारही लिनक्स सर्व्हरवर मिळून अशा १७ जोड्या सापडल्या. जाता जाता आणखी एक गोष्ट ध्यानात आली: एक्स्ट-फोरसारख्या फाइल-प्रणालीत नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे काना-मात्रा-हलन्त धरून जेमतेम ८५ चिन्हे बसतात. लांब शीर्षके शेवटी तुटलेली का दिसतात, याचा उलगडा झाला.

१२ मार्च

दोन याद्या ताडून पाहणारी ‘कॉम’ ही कमांड याद्या क्रमाने लावलेल्या नाहीत अशी तक्रार करत होती. सर्व्हरांचे लोकेल वेगवेगळे असल्याने ‘सॉर्ट’ही वेगवेगळ्या क्रमाने लावत होती. सर्वत्र लोकेल ठरवणाऱ्या ‘एलसी-ऑल’ला ‘सी’ हे मूल्य दिले आणि क्रम बाइटवार झाला.

१७ मार्च

वेग वाढवण्यासाठी पहिल्या सर्व्हरवर प्रत्येक मोठ्या डिरेक्टरीमागे एक याप्रमाणे एकाच वेळी २४ जोडण्या उघडून पाहिल्या. काही जोडण्या दर वेळी तुटत होत्या, आणि दर वेळी वेगळ्याच. ओपनएसएसएचच्या सर्व्हरवर ‘मॅक्सस्टार्टअप्स’चे मूळ मूल्य १०:३०:१०० असे असते: ओळख न पटलेल्या जोडण्या १० झाल्या की नव्या जोडण्या ३० टक्के शक्यतेने नाकारल्या जाऊ लागतात, आणि १०० झाल्या की सर्वच नाकारल्या जातात. सर्व्हरवरची मर्यादा वाढवण्याऐवजी मी समांतर जोडण्याच काढून टाकल्या. एकच ‘फाइंड’ सलग चालवल्यावर सहा मिनिटांत यादी येते, आणि रात्रीच्या कामाला तेवढे पुरेसे आहे.

याच आठवड्यात एका सर्व्हरवर प्रणाली नव्याने बसवली गेली, त्याची ओळख पटवणारी होस्ट-की बदलली, आणि एसएसएचने जोडणी नाकारली. ही तपासणीच बंद करावी, अशी सूचना बैठकीत आली. मी ती मान्य केली नाही. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात पासवर्ड चोरले गेल्यानंतर ताटू यलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिले; आपण ज्याच्याशी बोलतो आहोत तो तोच सर्व्हर आहे याची खात्री हा त्याचा गाभा आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्या सहकाऱ्याकडून नव्या कीचा ठसा फोनवर अक्षरशः वाचून घेतला आणि मगच नोंद बदलली.

यादीच्या खात्याची कीही आवळली. अधिकृत कीच्या नोंदीत ‘रिस्ट्रिक्ट’ हा शब्द आणि एकच ठरलेली कमांड लिहिली आहे, त्यामुळे ही की कोणाच्या हाती पडली तरी तिने यादीखेरीज काही करता येणार नाही. स्क्रिप्ट आता सर्व्हरवरच राहते. ‘बॅचमोड’ चालू ठेवला आहे, म्हणजे रात्री पासवर्डची वाट पाहत जोडणी तिष्ठत बसणार नाही.

२८ मार्च

गेल्या अकरा रात्री सातही याद्या कसोटीला उतरल्या. आज सकाळी एसएफटीपीच्या सर्व्हरवर तीन फायली वेगळ्या दिसल्या: नाव तेच, वेळ कालच्या संध्याकाळची, आकार शून्य. चौकशी केली तेव्हा डिस्क भरलेली असताना त्यांच्यावर नव्या प्रती चढवण्याचा प्रयत्न झाल्याचे कळले. परवाच्या यादीतील आकार हाताशी होते. बॅकअपमधील प्रतींचे आकार त्यांच्याशी बाइटपर्यंत जुळले, आणि अकरा वाजण्यापूर्वी तिन्ही फायली जागेवर ठेवल्या. एफटीपीचा सर्व्हर बंद करण्याची तारीख अजून मिळालेली नाही. त्यासाठी आज पुन्हा लिहिले आहे.